यंत्रमागाच्या गावात रेडिओचा आवाज

भिवंडीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये माग सुरू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, आदळतो, परत फेकला जातो. मिनिटाला शंभर-दीडशे वेळा हे घडते, आणि एका छपराखाली असे अनेक माग असतात. साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाजाची पातळी सहज ९० डेसिबलच्या पुढे जाते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी जी कमाल मर्यादा मानली आहे, तीही ९० डेसिबलचीच. शेडबाहेर पडले तरी कल्याण नाका, अंजूरफाटा, वंजारपट्टी नाका इथली वाहतूक असतेच. मुंबई-नाशिक महामार्गावर गोदामांकडे जाणारे कंटेनर रात्रंदिवस चालू असतात. भिवंडीत रेडिओ ऐकणारा माणूस बहुधा गोंगाटातच ऐकत असतो: ट्रकच्या केबिनमध्ये, चहाच्या टपरीवर, पाळी संपवून घरी चालत जाताना मोबाइलवर, किंवा पंखा आणि कुकरच्या सोबतीने स्वयंपाकघरात.

रेडिओ केंद्र किंवा इंटरनेट वाहिनी सुरू करताना माइक, मिक्सर, ट्रान्समीटर, अँटेना यांचा हिशेब सुरुवातीलाच होतो. त्या सगळ्यांच्या मध्ये बसणारी एक गोष्ट मात्र शेवटच्या दिवसावर ढकलली जाते: ध्वनिप्रक्रिया, म्हणजेच ऑडिओ प्रोसेसिंग. स्टुडिओतून निघालेला आवाज श्रोत्यापर्यंत पोहोचण्याआधी त्याची पातळी, त्याचा पोत आणि त्याचे चढउतार आवरण्याचे हे काम आहे. ते नीट झाले तर श्रोत्याच्या लक्षातही येत नाही. बिघडले तर तो स्टेशन बदलतो, आणि का बदलले ते त्याला सांगताही येत नाही. हे काम कसे चालते आणि भिवंडीसारख्या गावासाठी ते कसे करायला हवे, ते इथे पाहू.

अंतर कमी करण्याचे शास्त्र

प्रोसेसर म्हणजे आवाज मोठा करणारे यंत्र, असा एक समज पसरलेला आहे. आवाज किती मोठा ठेवायचा हे श्रोता आपल्या रेडिओच्या बटणावर ठरवतो. केंद्राला ते ठरवता येत नाही. केंद्राच्या हाती आहे ते हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर. साध्या बोलण्यातही सर्वांत हळू अक्षर आणि सर्वांत जोरकस अक्षर यांत सुमारे ३० डेसिबलचा फरक पडतो. शांत खोलीत तो कानाला सुखावतो. ट्रकच्या केबिनमध्ये मात्र वाक्याच्या शेवटचे हळू शब्द इंजिनाच्या घरघरीत बुडतात. मग चालक आवाज वाढवतो, आणि पुढच्याच क्षणी जाहिरात किंवा गाणे अंगावर येते.

हे अंतर शहाणपणाने कमी करणे हे प्रोसेसरचे पहिले काम. त्यासाठीचे मूळ साधन म्हणजे कॉम्प्रेसर. त्याला एक उंबरठा दिलेला असतो. आवाज त्या उंबरठ्याच्या वर गेला की ठरावीक प्रमाणात तो दाबला जातो. प्रमाण ४:१ असेल तर उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त ३ डेसिबल वर जाऊन थांबतो. त्यानंतर सगळीच पातळी थोडी उचलली की हळू शब्द वर येतात आणि मोठे आवाज होते तिथेच राहतात.

यात कानाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी ९० झाली की ही मुभा आठवड्याला ४ तासांवर येते. चालू मागांच्या शेडमध्ये इअरफोन लावून कार्यक्रम ऐकायचा तर तो मागांपेक्षा मोठा करावा लागेल, आणि ते थेट बहिरेपणाकडे नेणारे आहे. म्हणून भिवंडीसाठी आवाज बांधताना चालू मागाशी स्पर्धा करायचीच नाही. टपरी, केबिन, रस्ता आणि घर ही आपली जागा धरायची, आणि तिथे कमी आवाजातही शब्द न् शब्द कळेल असे प्रसारण करायचे.

मीटरवरच्या नजरेपासून यंत्रापर्यंत

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या पिढीत जगभरच्या केंद्रांवर प्रोसेसरचे काम माणूस करत असे. अभियंत्याची नजर मीटरवर आणि हात पातळीच्या खुंटीवर. गवय्याने तान वर नेली की खुंटी खाली, वक्त्याने आवाज उतरवला की वर. अमेरिकेत १९३९ मध्ये प्रमाणित झालेला व्हीयू मीटर आजही अनेक मिक्सरवर दिसतो. त्याची सुई मुद्दामच सावकाश, सुमारे ३०० मिलिसेकंदांत वर जाते, म्हणजे ती क्षणिक ठोक्यापेक्षा आवाजाची एकूण जाणीव दाखवते.

पुढे हे काम यंत्रांकडे गेले. १९७५ मध्ये बॉब ऑर्बन यांनी ‘ऑप्टिमोड-एफएम ८०००’ बाजारात आणला. पातळी आवरणे, शिखरे छाटणे आणि स्टिरिओ संकेत तयार करणे ही कामे त्याआधी वेगवेगळ्या खोक्यांत होत आणि एकमेकांच्या आड येत. त्याने ती एका यंत्रात, एकमेकांचा विचार करून बसवली. आज हीच कामे संगणकावरचे सॉफ्टवेअर करते. ‘स्टिरिओ टूल’सारखी प्रणाली साध्या संगणकावर चालते. त्यामुळे लहान केंद्रालाही चांगले प्रोसेसिंग परवडते. खरी टंचाई आहे ती ते ऐकून लावणाऱ्या कानांची.

आपल्याकडे शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे २००२ च्या धोरणाने उघडली आणि २००६ मध्ये ती सामाजिक संस्थांनाही खुली झाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, म्हसवडची ‘माणदेशी तरंग’, जालिहाळची ‘येरळावाणी’, मुंबई विद्यापीठाचा कलिना संकुलातला ‘मस्ट रेडिओ’ ही या वाटेवरची महाराष्ट्रातली केंद्रे. अशा केंद्राला साधारणपणे १०० वॅटपर्यंतची प्रभावी शक्ती आणि ३० मीटरपर्यंतचा मनोरा मिळतो, आणि आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. परवान्याशिवाय प्रसारणाचा ट्रान्समीटर लावणे हा गुन्हा आहे. इंटरनेट वाहिनीला वारंवारतेचा परवाना लागत नाही. तिथे गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न मात्र सोडवावाच लागतो. भिवंडीतले एखादे महाविद्यालय किंवा संस्था यापैकी कुठल्याही वाटेने निघाली, तरी पुढची पावले सारखीच आहेत.

आधी खोली, मग यंत्र

प्रोसेसर हळू आवाज वर आणतो, आणि हळू आवाजांत केवळ शब्द नसतात. पंख्याची घरघर, खोलीचा घुमारा, रस्त्यावरचा हॉर्न, विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या दुपटीचा १०० हर्ट्झचा सूर, हे सगळे त्याच्याबरोबर वर येते. म्हणून जी खोली साध्या ध्वनिमुद्रणात चालून जाते, ती प्रसारणात उघडी पडते.

कापडाच्या गावात खोली शांत करायला सामान कमी नाही, पण ते विचाराने वापरावे लागते. भिंतीवर एकपदरी कापड टांगून फारसा उपयोग होत नाही. ते फक्त अगदी वरच्या, चिरक्या आवाजांना शोषते. १००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर असते आणि तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे आठ-साडेआठ सेंटिमीटर, जाडीचा थर तो चांगला शोषतो. कापसाच्या जाड गाद्या किंवा चिंध्यांनी भरलेल्या चौकटी भिंतीपासून थोडे अंतर सोडून लावल्या तर बोलण्याचा घुमारा पुष्कळ कमी होतो. आग लागू नये म्हणून वायरिंगपासून त्या दूर ठेवायच्या. शेजारच्या मागांचा धपधप आवाज मात्र गादीने थांबत नाही. १०० हर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर होते. त्याला जड भिंत, बंद फटी आणि मुळात योग्य जागेची निवड, एवढेच उपाय. लूमच्या भिंतीला भिंत लागून स्टुडिओ घेऊ नये.

माइक तोंडाच्या जवळ हवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ४० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आले तर हा लाभ १८ डेसिबलचा होतो, आणि गोंगाट होता तेवढाच राहतो. कारागिराची मुलाखत त्याच्या कामाच्या जागी घ्यायची असेल तर माग काही मिनिटे थांबवून घ्यावी, मागांचा आवाज वेगळा टिपावा आणि नंतर हवा तेवढाच बोलण्याखाली घालावा. आवाजात मिसळलेला माग कोणतेही सॉफ्टवेअर न खरचटता बाहेर काढू शकत नाही. माइक फार जवळ आल्याने खर्ज फुगतो. त्यासाठी ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा फिल्टर मिक्सरवरच चालू ठेवावा.

साखळीतल्या कड्या

स्वच्छ आवाज मिळाला की प्रोसेसिंगची साखळी सुरू होते. पहिली कडी म्हणजे स्वयंचलित पातळी नियंत्रण, ज्याला सगळे एजीसी म्हणतात. ती अभियंत्याच्या खुंटीवरच्या हाताचे काम करते: एक निवेदक हळू, दुसरा खणखणीत, एक जुने गाणे दबलेले, एक नवे गाणे कर्कश. ही कडी सावकाश, काही सेकंदांच्या गतीने चालायला हवी. तिला गेट असणे अत्यावश्यक आहे. गेट म्हणजे एक खालची मर्यादा. आवाज तिच्याही खाली गेला की एजीसी जागच्या जागी थांबते. गेट नसेल तर निवेदक श्वास घ्यायला थांबला की यंत्र शांततेलाच वर ओढते आणि पंखा, रस्ता, विजेची गुणगुण हळूहळू फुगत येते.

दुसरी कडी मल्टिबँड कॉम्प्रेसर. आवाजाचे खर्ज, मध्य आणि तार असे तीन ते पाच पट्टे करून प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे आवरला जातो. एकाच पट्ट्यात सगळा आवाज दाबला तर ढोलकीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गायकाचा आवाजही खाली बसतो. पट्टे वेगळे केले की ढोलकी आपल्या पट्ट्यात आवरली जाते आणि गळा मोकळा राहतो. याच कडीमुळे वेगवेगळ्या काळातली गाणी एका वाहिनीवर एका घरातली वाटू लागतात. पण प्रत्येक पट्टा जोराने दाबला तर सगळी गाणी सारख्याच चेहऱ्याची होतात, आणि हा मोह आवरणे हेच लावणाऱ्याचे कौशल्य.

शेवटची कडी लिमिटर. त्याच्यापुढे एक न ओलांडायची रेषा असते. कोणतेही शिखर तिच्या वर जाऊ द्यायचे नाही. चांगला लिमिटर काही मिलिसेकंद पुढचा आवाज आधीच पाहतो आणि शिखर येण्याआधी हळुवार खाली येतो. क्लिपर हा त्याचा उतावळा भाऊ: तो शिखराचा माथाच सपाट कापतो. एफएमवर मोजकी काटछाट चालते. इंटरनेटवर ती कशी नडते ते पुढे येईलच.

ढोलकी, आलाप आणि ‘चांगला’तला च

तयार सेटिंग घेऊन आलेले यंत्र बहुधा पाश्चात्य पॉप आणि रॉक संगीत डोळ्यांपुढे ठेवून लावलेले असते. आपल्या आवाजांसाठी ते पुन्हा लावावेच लागते.

ढोलकीची थाप घ्या. तिचा जीव पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो. कॉम्प्रेसर एका मिलिसेकंदात दाबायला लागला तर लावणीतली थाप मऊ, ओली होते. २० ते ३० मिलिसेकंद थांबून दाबला तर थापेची धार शाबूत राहते आणि मागचा नाद तेवढा आवरला जातो. कव्वालीतल्या टाळ्या आणि भजनातले टाळ यांनाही हेच लागू पडते.

आलापाची अडचण उलट आहे. गायक थांबतो तेव्हा तानपुरा उरतो. कॉम्प्रेसर पटकन सैल होत असेल तर प्रत्येक विरामात तानपुरा फुगतो आणि स्वर लागताच खाली बसतो. यालाच पंपिंग म्हणतात. शास्त्रीय संगीतासाठी सैल होण्याचा वेळ लांब, दाबण्याचे प्रमाण २:१ च्या आसपास आणि गेटची मर्यादा विचाराने ठेवलेली, असे वेगळे सेटिंग हवे. आज बहुतेक प्रोसेसर वेळापत्रकानुसार सेटिंग बदलू शकतात. सकाळच्या हरिपाठाला एक, दुपारच्या गप्पांना दुसरे, संध्याकाळी पाळी सुटताना लागणाऱ्या गाण्यांना तिसरे, अशी सोय करता येते, आणि ती करावी.

बोलण्यात अर्थ वाहून नेतात ती व्यंजने, आणि त्यांची ओळख मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या भागात पटते. गोंगाटात शब्द कळायला हवे असतील तर हा भाग दोन-तीन डेसिबलने उठवणे आणि २०० ते ४०० हर्ट्झमधला गढूळपणा थोडा उतरवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. त्याच वेळी ५००० ते ८००० हर्ट्झमधल्या घर्षणाकडे लक्ष हवे. मराठीत ‘स’ आणि ‘श’ आहेतच, शिवाय ‘चांगला’तला च आणि ‘माझा’तला झ दंतमूलीय आहेत आणि त्यांतही भरपूर घर्षण आहे. उर्दूत ज़ची भर पडते. या ध्वनींसाठी डी-एसर नावाचा खास कॉम्प्रेसर असतो. तो फक्त हा पट्टा उसळला की तेवढाच दाबतो. ‘भ’, ‘फ’, ‘ख’ यांच्या महाप्राण हवेचा झोत माइकवर आदळतो. त्याला प्रोसेसर उपयोगी नाही. माइक तोंडासमोर धरण्याऐवजी किंचित बाजूला, तिरका ठेवला की काम भागते.

भिवंडीत मराठी, आगरी, उर्दू आणि हिंदीबरोबर पद्मनगरसारख्या वस्त्यांत तेलुगूही बोलली जाते. प्रत्येक भाषेतला एक पुरुषी आणि एक बायकी आवाज घेऊन सेटिंग तपासले नाही, तर एका समाजाचा आवाज खुलतो आणि दुसऱ्याचा चिरका होतो. लोकांचे केंद्र म्हणवणाऱ्याला हे चालणार नाही.

एफएमचे नियम

एफएममध्ये आवाजाच्या चढउतारानुसार वाहक लहरीची वारंवारता मागेपुढे होते, आणि हा हेलकावा ७५ किलोहर्ट्झच्या पुढे जाता कामा नये. तो ओलांडला तर शेजारच्या वारंवारतेत घुसखोरी होते. त्याच्या फार खाली राहिले तर रेडिओतली खरखर तुलनेने वाढते. लिमिटर नीट लावणे म्हणजे या दोन्हींच्या मध्ये, रेषेच्या जवळ पण आत राहणे.

दुसरा नियम प्री-एम्फसिसचा. एफएममध्ये खरखर वरच्या स्वरांत जास्त असते. म्हणून प्रसारणापूर्वी वरचे स्वर मुद्दाम उचलले जातात आणि रेडिओ संच ते तेवढेच खाली आणतो, खरखरीसकट. भारतात यासाठी ५० मायक्रोसेकंदांचे प्रमाण वापरतात, अमेरिकेत ७५ चे. यंत्र परदेशी बनावटीचे असेल तर हा आकडा आधी तपासायचा. चुकीचा राहिला तर सगळे प्रसारण कायमचे चिरके होते. ५० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने सुमारे ३२०० हर्ट्झपासून उचल सुरू होते आणि १५ किलोहर्ट्झला ती जवळजवळ १४ डेसिबलपर्यंत पोहोचते. एक तीव्र ‘स’ एवढा उचलला गेला की तो एकटाच रेषेवर आदळतो, आणि लिमिटर त्याच्यासाठी सगळे वाक्य खाली ओढतो. डी-एसरचे महत्त्व इथे पुन्हा कळते.

तिसरा निर्णय स्टिरिओचा. एफएम स्टिरिओमध्ये १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर जातो आणि डाव्या-उजव्यातला फरक ३८ किलोहर्ट्झभोवती बसवला जातो. म्हणून मुख्य आवाज १५ किलोहर्ट्झला कापावाच लागतो. स्टिरिओची एक किंमत आहे: तोच संकेत मोनोपेक्षा सुमारे २० डेसिबल जास्त खरखर आणतो. दक्षिण-मध्य मुंबईपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या भिवंडीत मोठ्या केंद्रांचाही स्टिरिओ गल्लीबोळात खरखरतो आणि मोनो केला की साफ होतो. १०० वॅटच्या केंद्राला तर कडेच्या गावांत हा फरक ऐकू येणारच. ज्या केंद्रावर बोलणे अधिक आहे, त्याने मोनो निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कमीपणा काही नाही. पूर्णा किंवा पडघ्याकडच्या श्रोत्याला दोन बाजूंना पसरलेल्या खरखरीपेक्षा मधोमध स्वच्छ आवाज हवा असतो.

इंटरनेटसाठी वेगळी वाट

लहान केंद्रांमध्ये सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे एफएमसाठी तयार झालेला आवाज तसाच उचलून इंटरनेटवर पाठवणे. दोन्ही माध्यमांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की त्यात इंटरनेटवरच्या श्रोत्याचे नुकसान ठरलेले. इंटरनेटवर हेलकाव्याची मर्यादा नाही, प्री-एम्फसिस नाही, वाढत जाणारी खरखर नाही. तिथे आहे कोडेक.

एमपी३, एएसी, ओपस ही कोडेकची रूपे. कानाला ऐकू येणार नाही तो तपशील गाळून आवाज थोड्या बिट्समध्ये बसवणे हे त्यांचे काम. क्लिपरने माथा सपाट कापला की आवाजात नसलेले नवे, वरचे स्वर जन्माला येतात. कोडेक त्यांनाही संगीतच समजतो आणि मोजक्या बिट्सपैकी बऱ्याच त्यांच्यावर खर्च करतो. खऱ्या आवाजाला उरते थोडेच. मग टाळांतून पाण्याखालचा बुडबुडता नाद येऊ लागतो. म्हणून साखळी दोन फांद्यांत फुटायला हवी: एजीसी आणि मल्टिबँडपर्यंत एकच वाट, आणि पुढे एफएमला क्लिपरसह वेगळा शेवट, इंटरनेटला फक्त पुढचे पाहणारा लिमिटर.

कोडेकमधून बाहेर पडताना शिखरे मूळच्यापेक्षा थोडी वर जातात. त्यासाठी खऱ्या शिखराची मर्यादा शून्याच्या खाली किमान १ डेसिबल ठेवतात. सरासरी जाणवणारी पातळी मोजायला आता एलयूएफएस हे एकक आहे. त्याची मोजणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रमाणित केली. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये -२३ हे लक्ष्य ठरवले. मोबाइलवरच्या श्रोत्यांसाठी ते फार हळू पडते, म्हणून ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१५ मध्ये इंटरनेट प्रसारणासाठी -१६ ते -२० हा पट्टा सुचवला. गोंगाटाच्या गावासाठी -१६ हे लक्ष्य योग्य आहे. त्याहून पुढे ढकलू नये. आवाज दाट होतो आणि अर्ध्या तासात कान थकतो.

बिटरेट ठरवताना श्रोत्याच्या खिशाचा विचार हवा. १२८ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला साधारण ५८ एमबी डेटा लागतो, ४८ केबीपीएसला २२ एमबीच्या आत. रोजच्या ठरावीक डेटावर महिना काढणाऱ्या आणि गावाकडे व्हिडिओ कॉलही करणाऱ्या कामगारासाठी हा फरक मोठा आहे. ४८ केबीपीएसला साधा एमपी३ चांगला वाजत नाही, पण एचई-एएसी चांगला वाजतो. केवळ बोलण्यासाठी ओपस ३२ केबीपीएसलाही पुरतो. दोन प्रवाह द्यावेत, एक हलका आणि एक भरघोस, आणि हलका प्रवाह मुख्य मानून सेटिंग करावे. वाटपासाठी आइसकास्टसारखा मोफत सर्व्हर आणि कार्यक्रमांच्या जुळणीसाठी लिक्विडसोपसारखे मोफत साधन पुरेसे आहे.

विलंबही ध्यानात ठेवावा लागतो. सॉफ्टवेअर प्रोसेसरमुळे आवाज काही दशांश सेकंदांपर्यंत मागे पडू शकतो, आणि इंटरनेटवर दहा-वीस सेकंद सहज. निवेदकाच्या हेडफोनमध्ये प्रक्रिया केलेला आवाज दिला तर त्याला स्वतःचेच बोलणे उशिरा ऐकू येते आणि जीभ अडखळते. त्याला थेट मिक्सरवरचा आवाज द्यावा.

लावायचे कसे

सगळी बटणे एकदम फिरवली की काय सुधारले आणि काय बिघडले ते कळत नाही. आधी प्रोसेसर पूर्ण बाजूला ठेवून स्टुडिओचा आवाज दोन तास ऐकावा आणि दोष टिपावेत. खोली, माइक, केबल यांचे दोष तिथेच दुरुस्त करावेत. मग गाण्यांच्या पातळ्या एकसारख्या करून घ्याव्यात. जुन्या तबकडीवरून आलेले भावगीत आणि -८ किंवा -९ एलयूएफएसला दाबलेले आजचे चित्रपटगीत यांतला फरक प्रोसेसरवर टाकण्यापेक्षा फाइल साठवतानाच मिटवला, तर एजीसीला थोडेच काम उरते आणि आवाज नैसर्गिक राहतो. त्यानंतर एजीसी, मग मल्टिबँड, मग लिमिटर, अशी एक-एक कडी जोडावी आणि प्रत्येक टप्प्यावर वहीत आकडे लिहावेत.

तुलना करताना दोन्ही आवाज समान पातळीवर आणूनच ऐकावेत. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज प्रत्येकाला चांगला वाटतो, आणि या फसवणुकीतूनच सेटिंग जास्त-जास्त दाबले जाते. स्टिरिओ फाइल मोनो करून तपासावी. डाव्या-उजव्या बाजू एकमेकींच्या उलट नोंदल्या असतील तर मोबाइलच्या एका स्पीकरवर गायक नाहीसा होतो आणि साज तेवढा उरतो.

शेवटची परीक्षा स्टुडिओबाहेर व्हायला हवी. स्वस्त एफएम संचावर, मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर, ट्रकच्या केबिनमध्ये, टपरीवर. आवाज एकदा लावावा आणि त्याला हात न लावता संपूर्ण दुपार ऐकावे. शब्द न ताणता कळले आणि बटणाकडे हात गेला नाही, तर सेटिंग बरोबर आहे. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे, कारण कार्यक्रम बदलतात, निवेदक बदलतात, पावसाळ्यात छपरावरचा पाऊसही माइकमध्ये शिरतो.

हे काम तंत्रज्ञाचे म्हणून एका खोलीत कोंडून ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. कोणाचा आवाज स्पष्ट पोहोचवायचा, कोणत्या श्रोत्याच्या अडचणी आधी धरायच्या, त्याच्या कानांची आणि डेटाची किती काळजी घ्यायची, हे सगळे निर्णय प्रोसेसरच्या आकड्यांत उतरतात. कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींनी तंत्रज्ञाच्या शेजारी बसून ते घ्यायला हवेत. मुंबईच्या श्रोत्यासाठी बांधलेला आवाज भिवंडीत आपोआप बसणार नाही. भिवंडीचा आवाज भिवंडीत ऐकून, तिथल्या भाषांत तपासून, तिथल्या माणसांना विचारूनच लावावा लागेल. त्यासाठी लागणारी साधने आज लहान संस्थेच्याही आवाक्यात आहेत. त्यांच्यासाठी पैसे बाजूला काढले जातातच. तेवढाच वेळही पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवायला हवा.